'सगळं काढलं' हे वाक्य रिपोर्ट येईपर्यंत राखून ठेवा : छातीच्या सर्जनना आणि पॅथॉलॉजिस्टना खुलं पत्र

प्रति,
फुप्फुसाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन, काढलेल्या गाठी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट आणि पुढचे उपचार ठरवणाऱ्या ट्यूमर बोर्डांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या बाबांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या शरीरात कॅन्सरच्या काही पेशी राहिल्या होत्या. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात तसं लिहिलं होतं आणि तो रिपोर्ट आमच्याच घरात, कपाटातल्या फाईलीत होता. त्या ओळीचा अर्थ आम्हाला कळला तो चौदा महिन्यांनी. बाबा गेल्यावर मी रुग्णालयाला पत्र लिहून एकच प्रश्न विचारला की, ही गोष्ट आम्हाला कुणी का सांगितली नाही? तीन ओळींचं उत्तर आलं. "रिपोर्टची प्रत आपणांस देण्यात आली होती. सबब माहिती देण्यात आली नाही हे आपले म्हणणे मान्य करता येत नाही."

हे उत्तर मला गप्प बसून गिळता येत नाही. मी त्या रुग्णालयाचं नाव घेणार नाही, डॉक्टरांचंही नाही. मला भांडायचं असतं तर मी वकिलाकडे गेले असते. पण कागद हातात देणं म्हणजेच माणसाला सांगणं, असं तुमच्यातल्या अनेकांना खरोखर वाटत असावं, अशी माझी समजूत झाली आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, आणि ज्यांच्या घरात अशी एखादी फाईल आहे त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

आधी काय झालं ते सांगते.

बाबा मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. हातात छापील कागद आला की दुसरा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात ३.८ सेंटिमीटरची गाठ निघाली, स्क्वॅमस नावाच्या प्रकारच्या कॅन्सरची. पसरलेली नाही, शस्त्रक्रिया करता येईल, असं सगळ्यांनी सांगितलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी साडेचार तासांनी सर्जन बाहेर आले. डोक्यावर टोपी तशीच, मास्क हनुवटीखाली ओढलेला. आई खुर्चीतून उठायच्या आत ते म्हणाले, "सगळं काढलं. अगदी क्लीन." आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ते वाक्य आम्ही त्या संध्याकाळी किती जणांना फोनवर सांगितलं याची गणतीच नाही.

नऊ दिवसांनी चार पानी रिपोर्ट आला. बाबांनी तो अंथरुणात उशीला टेकून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पहिल्या पानावर त्यांचं वय ६७ होतं आणि तिसऱ्या पानावर ७६. त्यांनी ७६ वर पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला समासात आकड्यांची अदलाबदल दाखवणारी त्यांची नेहमीची खूण केली. त्या गोलाच्या चार ओळी खाली लिहिलं होतं : 'ब्रॉन्कियल रिसेक्शन मार्जिन – इन्व्हॉल्व्ड बाय ट्यूमर.' आणि त्याखाली एका चौकटीत, 'आर-१'. त्या दोन ओळींवर पेन्सिलीची एकही खूण नाही. मार्जिन म्हणजे बाबांच्या लेखी पानाचा समास. या कागदावर त्या शब्दाचा अर्थ श्वासनलिका जिथे कापली तो काठ असा आहे आणि त्या काठावर गाठ अजून आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

टाके काढायला गेलो तेव्हा बाह्यरुग्ण विभागात मोठ्या डॉक्टरांच्या जागी दुसरे तरुण डॉक्टर होते. त्यांनी जखम पाहिली, रिपोर्टाची पानं उलटली, "एक सेंटिमीटरही पसरलेलं नाही, नोड निगेटिव्ह आहेत," म्हणजे लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड म्हणतात त्या लहान ग्रंथींत) कॅन्सर नाही, असं म्हणाले आणि तीन महिन्यांनी एक्स-रे घेऊन यायला सांगितलं. आम्ही गेलो. एक्स-रे चांगला होता. पुन्हा तीन महिन्यांनी गेलो.

चौदाव्या महिन्यात खोकल्यातून रक्ताची तार पडली. दुर्बिणीने तपासणी झाली. श्वासनलिका जिथे शिवलेली होती, नेमकी तिथेच नवी वाढ होती. आम्ही ज्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्यांनी जुनी फाईल मागितली. पानं उलटता उलटता त्यांचं बोट तिसऱ्या पानावर थांबलं. "याबद्दल तेव्हा काय ठरलं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कशाबद्दल?"

त्यांनी समजावून सांगितलं, न घाई करता. घरी आल्यावर बाबांनी रिपोर्ट मागून घेतला. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "मी हे वाचलं होतं गं."

त्यानंतर ते अकरा महिने जगले. रेडिएशन झालं, केमो झाली, आणि त्या सगळ्यात बाबांना मनातून खात होती ती ही एकच गोष्ट. आयुष्यभर चुका शोधणाऱ्या माणसाला वाटत राहिलं की, आपल्या स्वतःच्या मरणाची ओळ आपल्या नजरेतून सुटली. मी त्यांना शंभर वेळा सांगितलं की ती ओळ तुमच्यासाठी लिहिलेलीच नव्हती बाबा, ती डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिली होती. त्यांना ते पटलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आता वाचकांसाठी थोडं. शस्त्रक्रियेनंतर किती गाठ उरली हे सांगण्याची एक साधी पद्धत जगभर वापरली जाते. काहीही उरलेलं नाही, तर आर-०. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कापलेल्या काठावर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात, तर आर-१. डोळ्यांना दिसणारी गाठच मागे ठेवावी लागली, तर आर-२. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत असे काठ बरेच असतात : श्वासनलिकेचा, रक्तवाहिन्यांचा, फुप्फुसाच्या ऊतीचा, आणि गाठ छातीच्या भिंतीला चिकटलेली असेल तर तिथलाही. पैकी श्वासनलिकेच्या कापलेल्या टोकाशी पेशी उरण्याचं प्रमाण शंभर शस्त्रक्रियांमागे चार-पाच असं सांगितलं जातं. गाठ मोठी असेल, मध्यभागी असेल, तर ते वाढतं. शस्त्रक्रियेआधी केमोसोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारं औषध, देऊन पाहणारी चेकमेट-८१६ ही चाचणी घ्या. नवं औषध मिळालेल्या गटात ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी ८३.२ टक्के लोकांची गाठ पूर्ण निघाली, नुसत्या केमोच्या गटात ७७.८ टक्के. निवडक केंद्रं, निवडक पेशंट, आणि तरी उरलेल्यांचा आकडा इतका.

म्हणजे पेशी राहणं हा दर वेळी कुणाचा तरी हलगर्जीपणा असतो, असं मी म्हणत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराखालून, लसीकावाहिन्यांतून गाठ कडेकडेने सरकते आणि हाताला, डोळ्याला काठ निर्मळ वाटतो, हे मी वाचलं आहे. छाती उघडी असतानाच काठाचा तुकडा गोठवून तपासतात, वीस-तीस मिनिटांत उत्तर येतं, आणि त्या उत्तरातही कधी कधी अशा लपलेल्या पेशी निसटतात. काठावर पेशी आहेत हे कळूनही सर्जनने थांबणं योग्य ठरू शकतं. आणखी कापायचं तर अख्खं फुप्फुस जाणार आणि पेशंटचा श्वास तेवढा भार सोसणार नाही, अशी वेळ असते. त्या क्षणी थांबणाऱ्या हाताबद्दल माझ्या मनात आदर आहे. माझ्या तक्रारी त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहेत.

पहिली तक्रार त्या वाक्याची. 'सगळं काढलं' हे ऑपरेशन थिएटरच्या दारात सांगता येणारं वाक्यच नाही. ते सांगण्याचा अधिकार सूक्ष्मदर्शकाला आहे आणि त्याचं उत्तर यायला काही दिवस लागतात. तुम्ही ते दिलासा म्हणून म्हणता, हे मला कळतं. पण ते एकदा कानावर पडलं की नंतर आलेला कुठलाही कागद आम्ही त्या वाक्याच्या उजेडातच वाचतो. बाबांनी वयाची चूक पकडली आणि मार्जिनची ओळ ओलांडली, त्याला हेही कारण होतं. सगळं काढलेलं आहे, हे त्यांना आधीच ठाऊक झालेलं होतं. 'मला दिसलं तेवढं सगळं काढलं आहे, काठांचा रिपोर्ट आला की पक्कं सांगतो' – एवढं म्हणायला तुम्हाला पाच सेकंद जास्त लागले असते.

दुसरी तक्रार रिपोर्टाची. पॅथॉलॉजिस्ट सर-मॅडम, तुम्ही तुमचं काम चोख केलं होतं. ती ओळ तिथे होती, बरोबर होती. पण ती तिसऱ्या पानावर, नमुन्याचं वजन, लांबी-रुंदी, रंग, या सगळ्यांच्या खाली होती. पेशंटच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय ज्या एका ओळीवर अवलंबून आहे तिला त्या कागदावर नमुन्याच्या रंगाइतकंच स्थान होतं. आणि ती लिहिल्यावर तुमच्यातल्या कुणी सर्जनना फोन केला का? रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं तर प्रयोगशाळेतून वॉर्डात फोन जातो, हे मी बाबांच्या आजारपणात स्वतः पाहिलं. काठावर गाठ सापडली, तर फोन जात नाही. हे मला आजही समजत नाही.

तिसरी तक्रार उपचारांची, आणि ही सगळ्यात मोठी आहे. 'कळलं असतं तरी काय फरक पडला असता?' असं मला दोन डॉक्टरांनी अगदी मायेने विचारलं. त्यामुळे मी शक्य तेवढं वाचलं, डॉक्टरीणबाईंकडून समजून घेतलं. तुम्हाला हे माहीत आहे, तरी जाहीरपणे लिहिते.

शस्त्रक्रियेनंतर छातीला सरसकट रेडिएशन द्यावं का, यावर १९९८ साली नऊ चाचण्यांतल्या २,१२८ पेशंटची माहिती एकत्र करून तपासली गेली. दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण रेडिएशनने ५५ टक्क्यांवरून ४८ वर आलं. म्हणजे ज्यांची गाठ पूर्ण निघाली त्यांना रेडिएशनने अपायच झाला. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंग-आर्ट या चाचणीनेही, छातीच्या मधल्या भागातल्या लसीकाग्रंथींत कॅन्सर पोचलेल्या पण गाठ पूर्ण निघालेल्या लोकांना, रेडिएशनचा नियम म्हणून उपयोग नाही असंच दाखवलं. पण हा सगळा पुरावा पूर्ण निघालेल्यांचा आहे. ज्यांच्या काठावर पेशी राहिल्या त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना वेगळं सांगतात : पुन्हा शस्त्रक्रिया करून तो काठ काढता येतो का पाहा, नाही तर रेडिएशनचा, टप्प्यानुसार सोबत केमोचा विचार करा. एका पेशंटला जे द्यायचं नाही तेच शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला कदाचित द्यायचं, आणि दोघांतला फरक फक्त त्या एका ओळीत आहे. मग ती ओळ न वाचता 'तीन महिन्यांनी या' कसं म्हणता येतं?

शिवाय आजार जितका सुरुवातीचा, तितकी ही ओळ जास्त मोलाची. लसीकाग्रंथींत कॅन्सर खूप पुढे गेलेला असेल तर बहुतेकदा दूर पसरलेला आजारच निकाल लावतो, काठाचं तेवढं चालत नाही. पण ग्रंथी स्वच्छ आहेत, गाठ छोटी आहे आणि उरलंय ते फक्त काठावर, अशा माणसाला त्या काठाकडे लक्ष दिल्याने सगळ्यात जास्त फायदा होण्याची शक्यता असते. बाबा त्या गटात होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यापर्यंत ते तीन मजले न थांबता चढत होते. ते आणखी किती जगले असते ते मी सांगू शकत नाही आणि कुणी छातीठोक सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. काठावर पेशी असूनही वर्षानुवर्षं बरे राहिलेले लोक आहेत, विशेषतः जिथे अस्तरापुरत्याच मर्यादित, आत न घुसलेल्या पेशी असतात. सगळे उपचार करूनही न वाचलेलेही आहेत. बाबांना निवड करायची संधी होती आणि ती चौदा महिने एका फाईलीत पडून राहिली, इतकंच मी खात्रीने सांगू शकते.

इथे एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. शस्त्रक्रियेनंतर रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या डीएनएचा माग काढण्याबद्दल आता खूप बोललं जातं, आणि ते काम खरंच मोठं आहे. ट्रेसरएक्स या संशोधनात २०१७ साली दिसलं की, स्कॅनमध्ये पुन्हा उद्भवलेला आजार दिसण्याच्या साधारण सत्तर दिवस आधी रक्त तो सांगू शकतं. सत्तर दिवस. आमच्या घरातला कागद चौदा महिने आधीपासून सांगत होता.

चौथी तक्रार 'नोड निगेटिव्ह' या दोन शब्दांची. बाबांच्या रिपोर्टात एकूण चार लसीकाग्रंथी तपासल्या होत्या. श्वासनलिका जिथे दुभागते त्याच्या खालची एकही नव्हती. फुप्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास करणाऱ्या आयएएसएलसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्येच 'पूर्ण शस्त्रक्रिया' कशाला म्हणायचं ते मांडलं आहे. काठ स्वच्छ हवेतच, शिवाय किमान सहा ग्रंथी तपासलेल्या हव्यात, तीन फुप्फुसाच्या आतल्या व मुळाशी असलेल्या आणि तीन छातीच्या मधल्या भागातल्या, त्यात दुभागाखालची हवीच. हे झालं नसेल तर काठ स्वच्छ असूनही ती शस्त्रक्रिया 'अनिश्चित' म्हणायची. याच संघटनेच्या नोंदींतल्या १४,७१२ पेशंटना हा निकष लावून पाहिला, तेव्हा निम्म्याहून जास्त या अनिश्चित गटात गेले. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. यातल्या बहुतेकांना तेव्हा 'आर-०' सांगितलं गेलेलं असणार. ज्यांच्या ग्रंथींत कॅन्सर होता त्यांच्यात अनिश्चित गटातले लोक खऱ्या पूर्ण शस्त्रक्रियेच्या लोकांपेक्षा कमी जगले. म्हणजे न पाहिलेलं आणि नसलेलं यांत फरक आहे, आणि 'निगेटिव्ह' या शब्दामागे तो झाकला जातो. मुद्रितशोधकाच्या मुलीला तरी हे सांगायला नको. न तपासलेल्या पानात चुका नाहीत, असं कुणी म्हणत नाही.

पाचवी तक्रार संशोधकांकडे. गेल्या वीस वर्षांत शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांनी खूप मजल मारली. केमोच्या पाच चाचण्यांतल्या ४,५८४ पेशंटच्या एकत्र विश्लेषणात, २००८ साली, पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ५.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल असतो त्यांच्यासाठी ओसिमर्टिनिब हे औषध आलं आणि त्याच्या अडॉरा चाचणीत पाच वर्षांनंतर ८८ टक्के लोक जिवंत होते, औषध न मिळालेल्या गटात ७८. हे वाचून आनंद वाटतो. पण अडॉरा असो की इम्युनोथेरपीची आयएमपॉवर-०१०, प्रवेशाची अट एकच : गाठ पूर्ण निघालेली हवी. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, ते दाराबाहेर. चाचणीचा निकाल गढूळ होऊ नये म्हणून अशी अट लागते, हे मला मान्य आहे. पण मग त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करा. आज काठावर पेशी राहिलेल्या माणसाने विचारलं की मला काय द्यावं, तर तुमच्याकडे जुन्या नोंदी चाळून काढलेले अंदाज आहेत. संख्या थोडी म्हणून चाचणी होत नाही, चाचणी होत नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून 'बघू, तीन महिन्यांनी या'. अनेक देशांतली केंद्रं एकत्र आली तर ही संख्या थोडी राहणार नाही.

आता मागण्या. यांतल्या एकीलाही नवं यंत्र लागत नाही.

काठांचा रिपोर्ट येईपर्यंत 'सगळं काढलं' म्हणू नका. वर लिहिलं आहे, पुन्हा सांगते, कारण हे उद्या सकाळपासून करता येईल.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, आर-ची स्थिती लिहा : पूर्ण, अनिश्चित की अपूर्ण. अपूर्ण असेल तर कुठला काठ, आणि काठावर पेशी आत घुसलेल्या आहेत की अस्तरापुरत्या. स्वच्छ असेल तर गाठ आणि काठ यांत किती मिलिमीटर. त्याखाली पेशंटला कळेल अशा भाषेत एक वाक्य लिहा. 'कापलेल्या काठावर कॅन्सरच्या पेशी दिसल्या आहेत, पुढच्या उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोला.' हे वाक्य असतं तर बाबांची पेन्सिल तिथे नक्की थांबली असती.

काठावर पेशी सापडल्या की पॅथॉलॉजिस्टने सर्जनना त्याच दिवशी फोन करावा आणि फोन केल्याची नोंद रिपोर्टातच असावी. प्रत्येक पेशंटचा अंतिम रिपोर्ट वाचून, तो पेशंटला समजावून सांगण्याची जबाबदारी एका ठरलेल्या व्यक्तीवर असावी, तिच्या सहीसह. 'फाईलीत होतं' ही सही होऊ शकत नाही. आणि सांगायचं ते पेशंटला. नातेवाइकांना बाजूला घेऊन नाही. पेशंट स्वतः सांगू नका म्हणाला तर गोष्ट वेगळी.

आर-१, आर-२ आणि अनिश्चित अशा प्रत्येक पेशंटची चर्चा ट्यूमर बोर्डात टाके काढण्याच्या भेटीआधी व्हावी. पुन्हा शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो, की लक्ष ठेवणं, यांतलं काय आणि का, हे पेशंटला त्या भेटीत लेखी मिळावं. काहीच न करण्याचा सल्ला असेल तर तोही लेखी, कारणासह. आणि लक्ष ठेवायचं ठरलं तर साध्या एक्स-रेवर भागवू नका. श्वासनलिकेच्या टोकाशी उगवणारी वाढ एक्स-रेत लवकर दिसत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन आणि गरज पडेल तेव्हा दुर्बीण हवी.

लसीकाग्रंथी जागेनुसार वेगवेगळ्या, आधीच लेबल लावलेल्या डब्यांत पाठवा. मेम्फिसमधल्या डॉ. रेमंड ओसारोगियाग्बोन यांच्या गटाने असाच लेबल लावलेल्या डब्यांचा संच वापरायला सुरुवात केली आणि तपासल्या जाणाऱ्या ग्रंथींची संख्या व दर्जा सुधारलेला दाखवला. डबे आणि चिकटपट्ट्या, इतकंच ते साधन आहे.

प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा जाहीर करावं : फुप्फुसाच्या कॅन्सरच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत आर-० किती, अनिश्चित किती, आर-१ आणि आर-२ किती. मोठा आकडा म्हणजे वाईट सर्जन, असा अर्थ आम्ही काढणार नाही. अवघड गाठींना हात घालणाऱ्याचा आकडा मोठा असणारच, एवढी समज आम्हाला आहे. आकडा लपवला तर मात्र आम्ही अर्थ काढू.

आणि संशोधन करणाऱ्यांनी, पेशी उरलेल्या पेशंटची स्वतंत्र नोंदवही आजपासून सुरू करावी. बाबांची चार पानं, स्कॅन, दुर्बिणीची चित्रं, सगळं माझ्याकडे नीट लावून ठेवलेलं आहे. कुणाला उपयोग होणार असेल तर मी द्यायला तयार आहे.

ज्यांच्या घरात फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा रिपोर्ट आहे त्यांना एवढंच सांगते की, आज तो बाहेर काढा. 'मार्जिन' हा शब्द शोधा आणि त्यापुढे काय लिहिलं आहे ते बघा. 'आर' या अक्षरापुढचा आकडा बघा. किती ग्रंथी तपासल्या ते मोजा. मग डॉक्टरांसमोर बसून विचारा, 'माझी शस्त्रक्रिया पूर्ण आहे, अनिश्चित आहे की अपूर्ण?' उत्तर या तीनपैकी एका शब्दात मागा. विचारायला संकोच वाटला तर हे पत्र पुढे करा.

तुमच्यापैकी ज्यांच्या केंद्रात यातलं काही आधीच होत असेल, त्यांनी ते कसं सुरू केलं हे कृपया लिहावं, म्हणजे बाकीच्यांना दाखवता येईल. ज्यांना यातली एखादी मागणी अव्यवहार्य वाटते, त्यांनी कुठली आणि का, तेही लिहावं. मी वाचेन आणि चूक असेल तर मान्य करेन. फक्त 'प्रत आपणांस देण्यात आली होती' एवढं उत्तर पुन्हा देऊ नये, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एका पेशंटची मुलगी